सायलेन्सर असलेली इलेक्ट्रिक गाडी

अक्कलकोट रस्त्यावर अजीजा शेख यांचं पीयूसी केंद्र आहे. पत्र्याचं शेड, धूर तपासायचं यंत्र आणि एक संगणक. नवरा बंदेनवाज भवानी पेठेत ट्रकची इंजिनं दुरुस्त करायचा. पाठीच्या दुखण्यानं त्याला वाकणं जमेना, तेव्हा अजीजानं रीतसर प्रशिक्षण घेऊन हे केंद्र सुरू केलं. त्याला आता सात वर्षं झाली.

गेल्या उन्हाळ्यात टॉवेलचे कारखानदार मृत्युंजय बिराजदार वर्षभरापूर्वी घेतलेली गाडी घेऊन आले. चौकात पोलिसानं पीयूसी मागितल्यामुळं वैतागलेले.

"गाडी इलेक्ट्रिक आहे. हिला पीयूसी लागत नाही, एवढं लिहून द्या."

आरसीवर इंधन म्हणून फक्त वीज लिहिली होती. अजीजा गाडीमागं जाऊन वाकली.

"साहेब, हिला सायलेन्सर हाय की."

तिनं यंत्राची नळी आत घातली. आकडा शून्य. बॅटरी भरलेली, त्यामुळं इंजिन बंदच होतं. अजीजानं गाडीत बसून इंजिन चालू करायचं बटन शोधून काढलं. गाडी गुरगुरली आणि पडद्यावरचे आकडे हलायला लागले.

"एक गाडी नुसत्या विजेवर चालती," ती म्हणाली. "दुसरी पेट्रोलची. तिची छोटी बॅटरी पळता पळताच भरती, तिला वायर लावायची सोय नसती. तुमची तिसरी. घरी चार्ज करायची, बॅटरी संपली की पेट्रोलवर पळती. प्लग-इन हायब्रिड. धूर निघतो म्हटल्यावर तपासणी आलीच."

"नोंद शोरूमनं केलीय. ती बदलली तर माझी करातली सवलत जाईल."

"जाईल. पण उद्या कुटं गाडी ठोकली, तर विमेवाल्यालाबी सायलेन्सर दिसंलच की."

तिनं आकडे कागदावर उतरवून दिले, फोटो काढून पाठवले. बिराजदार कागद खिशात घालून निघून गेले.

"मोठं गिऱ्हाईक गेलं," घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं.

"इंजिन चालू झालं होतं का?"

"झालं होतं."

"मग तू बरोबर हायेस."

तीन आठवड्यांनी बिराजदार नोंद दुरुस्त करून परत आले. तिचाच कागद त्यांनी परिवहन कार्यालयात दाखवला होता. तिथल्या निरीक्षक वैजयंती कांबळे यांनी त्यावरून त्या शोरूमच्या बाकीच्या गाड्या तपासल्या, तर आणखी दोन नोंदी तशाच चुकलेल्या निघाल्या. त्यांनी अजीजाला फोन केला. जिल्ह्यातल्या पीयूसी केंद्रवाल्यांना हे समजावून सांगाल का, म्हणाल्या.

ठरलेल्या दिवशी परिवहन कार्यालयात चाळीस माणसं जमली होती, बहुतेक पुरुष. हातात माईक आल्यावर अजीजाची दोन वाक्यं कशीबशी झाली. मग तिनं माईक टेबलावर ठेवला.

"बाहेर चला, गाडीच दाखवते."

बिराजदारांनी गाडी दिली होती. कुंभारी गावच्या एका म्हाताऱ्या केंद्रवाल्यानं विचारलं, "बाई, बॅटरी भरलेली असली तर आकडा शून्यच येणार. मग वळखायचं कसं?"

अजीजानं किल्ली त्यांच्या हातात दिली. "बसा काका. बटन तुमीच शोधा."

त्यांना बराच वेळ लागला. कुणी घाई केली नाही. इंजिन चालू झालं तसे काका हसत उतरले, आणि पुढचा माणूस किल्लीसाठी हात पुढं करून उभाच होता.