क्रेनचा दांडा

लेक माहेरी आली होती. परतूरच्या घरात आम्ही दोघं तिचे लहानपणीचे जोडणीचे खेळ अंगणवाडीला द्यायला वेगळे करत बसलो होतो. छापील यादी बघायची आणि एकेक भाग ज्याच्या त्याच्या डब्यात टाकायचा. क्रेनचा लांब दांडा सापडणार नाही, हे मला आधीच ठाऊक होतं. पवनचक्कीचा दांडा त्याच मापाचा. मी तो गुपचूप क्रेनच्या डब्यात सरकवला.

"पप्पा, तो पवनचक्कीचा हाय."

"दोन्हीला चालतो की."

"चालतो. मंग पवनचक्की कशावर फिरंल?" ती हसली. "क्रेनचा तर तुमीच स्कूटरच्या डिकीत टाकल्ता. मी खिडकीतून पाह्यलं."

इतकी वर्षं हिला माहीत होतं! शिष्यवृत्तीच्या परीक्षेआधी ती अभ्यास सोडून क्रेन जोडत बसायची, म्हणून मीच तो दांडा काढून घेतला होता. तिच्या धाकट्या भावानं हरवला असं समजून त्यांच्या आईनं त्याला बदडलं, आणि मी शेजारी पेपर वाचत राहिलो.

"तवाच बोलली का न्हाई?"

"तुमी बोलाल म्हनून थांबले. मंग वाटलं, तुमी इसरून गेले."

विसरलो नव्हतो. मी तिच्यासमोरच धाकट्याला पुण्याला फोन लावला.

"बोला पप्पा, सगळं बराबर ना?"

"न्हाई," मी म्हणालो. "तो दांडा तू नव्हता हरवला."

"क्रेनचा?" त्यानं विचारलं.