यादीतून काढा

सत्तावीस वर्षांनी मी माझ्या सख्ख्या पुतणीला पहिलं पत्र पाठवलं. त्याची सुरुवात अशी होती: 'आपल्या व्यवसायाच्या प्रगतीसाठी आमच्याकडे एक आकर्षक प्रस्ताव आहे.' शेवटी माझं नाव, हुद्दा, आणि खाली दूध थंड ठेवायच्या टाकीचं रंगीत चित्र.

हे मी मुद्दाम केलं नव्हतं. मुद्दाम मी आयुष्यात फारसं काही केलेलं नाही. जे झालं ते बटण चुकल्यामुळं झालं, असं बायको म्हणते, आणि त्यात ती आमचं लग्नही धरते.

बारामतीच्या एमआयडीसीत दुधाच्या टाक्या बनवणाऱ्या एका लहान कंपनीत मी पत्रव्यवहार बघतो. मालकांनी गिऱ्हाइकं शोधायला एक यंत्र घेतलं. यंत्र म्हणजे लोखंडाचं नव्हे, कॉम्प्युटरमधलं. त्यात माणसाचं नाव, गाव आणि कामधंदा लिहायचा. मग ते सगळ्या इंटरनेटवर हुंगत फिरतं आणि चहा होईस्तोवर त्या माणसाचा ईमेल, मोबाइल नंबर, असला तर फोटोसुद्धा पुढ्यात आणून टाकतं. शेजारी हिरवी खूण आली की माल खात्रीचा. पण ते तेवढ्यावर थांबत नाही. आपल्या नावानं स्वतःच पहिलं पत्र धाडतं, तीन दिवसांनी आठवण करतं, आणखी तीन दिवसांनी पुन्हा. समोरून उत्तर येईपर्यंत पिच्छा सोडत नाही. नको असेल तर एक चौकोन रिकामा करावा लागतो. हे मला नंतर कळलं.

माझा थोरला भाऊ डाळजजवळ हायवेवर मोटारसायकलच्या अपघातात गेला, तेव्हा त्याची मुलगी चार महिन्यांची होती आणि वहिनी चोवीस वर्षांच्या. वर्ष सरायच्या आत वहिनींचे वडील भिगवणहून आले. ओट्यावर बसले, पाणी प्यायले, पण चहा नको म्हणाले. तेव्हाच आम्हाला कळायला हवं होतं.

माझ्या वडिलांना सगळं गाव तात्या म्हणायचं. वहिनींचे वडील त्यांना म्हणाले, "तात्या, पोरीला स्थळ आलंय. माणूस चांगला हाय, लेकरासकट करून घेतोय. पर त्यांचं म्हणणं येकच. लेकराला त्योच बाप ठावा ऱ्हावा. तुमी येऊ नका, कागुद धाडू नका."

तात्या बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. मग म्हणाले, "व्हय. शबुद दिला."

आई दाराच्या आत उभी होती. तिला कुणी विचारलं नाही.

मुलगी तेव्हा नुकतीच धरून उभी राहायला लागली होती. तात्यांनी तिला बाभळीचा पांगुळगाडा करून घेतला होता, तीन चाकांचा. निघायच्या दिवशी आईनं तो माझ्याकडं दिला आणि म्हणाली, "गाडीत ठिव, इसरू नगं." निमगाव केतकीच्या स्टँडवर मी वहिनींची ट्रंक चढवली, पिशव्या चढवल्या, खिडकीतून पोरीचा हात धरून तिला टाटा करायला लावलं. एसटी सुटली. धुरळा खाली बसला, आणि पांगुळगाडा माझ्या हातातच. मी तो घेऊन घरी आलो तेव्हा आईनं तो माझ्या हातून घेतला आणि माळ्यावर चढवला. रागावली असती तर बरं झालं असतं. तो अजून तिथंच आहे.

पुढं तात्या गेले. त्यांचा शब्द मात्र घरात राहिला. आईनं तो विषय कधीच काढला नाही, अगदी या वर्षापर्यंत.

या वर्षी आईचे कान दाखवायला तिला बारामतीला आणलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, उजवा गेला आहे, डावाही त्याच वाटेवर आहे. मशीन बसवू, काही दिवस चालेल. गावाकडं परत सोडताना आईनं गाडीत विचारलं, "डावा कवा जाईल म्हणला त्यो?"

"सांगता येत नाही म्हणाले."

ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "मग त्याच्या आदी मला पोरीचा आवाज ऐकीव."

"कुठल्या पोरीचा?" मी विचारलं. असा मी गाढव. मागं बसलेल्या बायकोनं माझ्या सीटला गुडघा मारला.

घरी आल्यावर मात्र बायको वेगळंच बोलली. "तात्यांनी शब्द दिलेला. तो मोडणारे तुम्ही कोण?"

"मी कुठं मोडतोय? नुसता नंबर शोधून ठेवतो."

"नुसता," ती म्हणाली, आणि भाजीकडं वळली.

मला माहिती होती तीन तुकड्यांत. नाव ठाऊक होतं, बारशाला मीच सुचवलेलं. नवं आडनाव ठाऊक होतं. आणि भिगवणला मासे खायला थांबलो असताना वहिनींच्या माहेरचा एकजण भेटला होता. तो काट्याशी झटापट करताकरता बोलून गेला होता की पोरगी नाशिकला औषधांच्या कंपनीत आहे. एवढं मी दुपारच्या सुट्टीत, ऑफिसात कुणी नसताना, यंत्रात लिहिलं. सत्तावीस वर्षं जे माणूस आमच्या घरातून नाहीसं झालं होतं, ते डबा उघडून पोळीचा पहिला घास घेईपर्यंत समोर आलं. ईमेल, मोबाइल, फोटो, हिरवी खूण.

फोटोत तिची मान डावीकडं कललेली होती. माझ्या भावाची प्रत्येक फोटोत तशीच कललेली असायची. इंदापूरचा फोटोग्राफर कॅमेऱ्यामागून येऊन त्याची मान सरळ करायचा आणि तो पाठमोरा झाला की ती पुन्हा कलायची. जिन्यात कुणाचीतरी पावलं वाजली, म्हणून मी नंबर कागदावर उतरवला आणि घाईघाईनं यंत्र बंद केलं. म्हणजे मला वाटलं बंद केलं. तो चौकोन तसाच राहिला.

नंबर आठवडाभर खिशात घेऊन फिरलो. लावायचं धाडस होईना. इकडं यंत्राला धाडसाची गरज नव्हती. त्यानं माझ्या नावानं तीन पत्रं धाडली. दुसऱ्यात विचारलं, 'आपल्याला आमचं पत्र पाहायला वेळ मिळाला का?' तिसऱ्यात लिहिलं, 'आपल्या उत्तराची आम्ही अजूनही वाट पाहत आहोत.' तीन पत्रांत एवढंच वाक्य खरं होतं.

मग तिचं उत्तर आलं. इंग्रजीत, दोन ओळींचं. कृपया मला तुमच्या यादीतून काढा. आणि माझी माहिती तुम्हाला कुठून मिळाली?

तेव्हा मला झाला प्रकार कळला. प्रत्येक पत्राखाली माझं आडनाव होतं. तिचं जन्माचं आडनाव. तीनदा ते तिच्या डोळ्यांखालून गेलं आणि तिला ते एका टाकीवाल्याचं वाटलं. म्हणजे तात्यांचा शब्द नाशिकमध्येही नीट पाळला गेला होता.

संध्याकाळी बायकोला मोबाइलवर सगळं दाखवलं. टाकीचं चित्र बघून ती आधी हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग नुसतंच पाणी राहिलं. पदरानं डोळे पुसून म्हणाली, "बरोबर विचारलंय तिनं. कुठून मिळाली? काय सांगणार?"

"यंत्रानं दिली."

"यंत्रानं दिली. तिनं दिली का?"

रविवारी आम्ही दोघं गावी गेलो. जेवणं झाली. आईनं हात धुतला आणि कानातलं मशीन दाबून बसवत माझ्याकडं बघितलं. आठवडाभर मी फोनवर तिला 'शोधतोय, शोधतोय' म्हणत होतो. आता सांगावंच लागलं. पत्रं सांगितली, उत्तर सांगितलं.

"यादी? कसली यादी?"

"गिऱ्हाइकांची."

"नातीला गिऱ्हाईक केलंस व्हय रं," आई म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून हसली. मग म्हणाली, "नंबर हाय ना? माज्या फोनवरनं लाव."

बायको म्हणाली, "आई, ती नको म्हणालीय."

"ह्याला म्हणली. मला कुठं म्हणली?"

मी आईचा बटणांचा फोन घेतला. लावला. आतली बाई म्हणाली, आपलं रिचार्ज संपलं आहे. संपलं होतं पंधरा दिवसांपूर्वी. ते भरायचं काम माझं. बायकोनं माझ्याकडं एकदा बघितलं, आपला मोबाइल काढला आणि तिथंच बसून भरलं. मी पुन्हा नंबर दाबला आणि फोन आईच्या हातात दिला.

आईचा फोन स्पीकरवर टाकावा लागत नाही. तिच्या ऐकू येण्याएवढा आवाज वाढवला की तो शेजारच्या गोठ्यातही जातो. घंटी वाजत होती. आईनं डोळे मिटून घेतले होते.

"हॅलो?"

आईनं फोन कानावर आणखी दाबला.

"हॅलो, कोण बोलतंय? आवाज येत नाहीये."

मी हातानं खुणावत होतो, बोल, बोल. आठवडाभरात कितीदा तरी तिनं मला फोनवर बोलून दाखवलेलं होतं: मी तुजी आजी बोलती, माज्या मोठ्या लेकाची आय. आईचे ओठ हलले. मग फोनमध्ये मागून कुणीतरी विचारलं, "कोण आहे गं?" तो आवाज वहिनींचा होता. मी ओळखला. आईनंही ओळखला असणार, कारण तिनं डोळे उघडले.

"चुकून लागला गं बाई," आई म्हणाली. "लेकाला लावत हुते."

"असू दे आजी. चष्मा आहे का जवळ? नंबर मला सांगा, मी सावकाश एकेक आकडा परत सांगते, म्हणजे नीट लागेल."

वाटेत म्हातारं माणूस दिसलं की आपण आजी म्हणतोच. ती कुणालाही म्हणाली असती. पण आईचा मोकळा हात जमिनीवर टेकला.

"ऱ्हाऊ दे. लावीन मी." मग जरा थांबून, "तू जेवलीस का?"

ती हसली. "हो, आत्ताच. तुम्ही?"

"जेवले."

"बरं. ठेवते हं आजी."

मागं वहिनींना सांगताना तिचा आवाज लांब जात गेला, "कोणी आजी होत्या, राँग नंबर." मग फोन बंद झाला.

आई बराच वेळ तो फोन कानालाच धरून बसली. मला राहवलं नाही. "आई, का नाही सांगितलंस गं?"

"सर्दी झालीया तिला," आई म्हणाली. "नाकातनं बोलत हुती."

"अगं, पण..."

"आवाज ऐकायचा हुता. ऐकला." फोन तिनं पोलक्यात ठेवला. "आय बसलीया तिच्या शेजारला. मी सांगितलं असतं, तर त्या दोगींनी आज एकमेकींकडं कसं बगितलं असतं?" आणि उठता उठता, गुडघ्यावर हात ठेवून मला म्हणाली, "काढ म्हणली ना तुला ती? मग काढ."

मी तिच्यासमोरच खिशातला कागद काढून फाडला. सोमवारी ऑफिसात गेल्यावर यंत्रातूनही तिला काढायचं होतं. काढताना ते विचारतं, खरंच काढायचं का? एकदा काढलेली माहिती परत मिळणार नाही. या वेळी बटण चुकलं नाही. पण ते सोमवारचं झालं.

रविवारी परतताना मीच गाडी चालवत होतो. बायको निमगाव केतकीपासून काही बोलली नव्हती. मला वाटलं, माझ्यावर चिडली आहे, आणि चिडायला जागा पुष्कळ होती. बारामतीचे दिवे दिसायला लागले तसा मीच विषय काढला. म्हटलं, आता रिचार्जचं विसरणार नाही, दर महिन्याला आठवणीनं भरत जाईन.

"तुमच्यावर नाही ठेवलं ते," ती म्हणाली. "आईंच्या फोनला मी वर्षाचं भरलंय. आता आईंचा नंबर तिच्याकडं गेलाय. कधी तिनं लावलाच, तर बंद लागायला नको."