मोरीतला वाटा

मी काय काम करते असं नातेवाइकांनी विचारलं की आई "परळला लॅबमध्ये आहे" एवढंच सांगते. उंदरांचं नाव घेत नाही. आमच्या लालबागच्या चाळीत ते नाव घरात मोठ्याने घ्यायचंच नसतं. घेतलं की त्यांना कळतं आणि ते पिंजऱ्याकडे फिरकत नाहीत, असा सगळ्यांचा पक्का समज. म्हणून मामा म्हणायचं. प्राणिशास्त्र घेतलं तेव्हा मी जंगलात वाघांमागे फिरायची स्वप्नं बघत होते. वाट्याला आले मामा.

काम तसं सरळ आहे. चाळींच्या मागच्या घरगल्ल्यांत पिंजरे लावायचे, सुक्या बोंबलाचा तुकडा अडकवायचा, सकाळी सापडेल तो उंदीर लॅबमध्ये न्यायचा आणि भूल देऊन त्याचं मूत्रपिंड तपासायचं. लेप्टोच्या तापाचे जंतू तिथे राहतात. उंदराला त्यांचा काही त्रास नसतो. तो धडधाकट असतो, खातो, पिल्लावळ वाढवतो, आणि जाईल तिथे लघवीतून जंतू सोडतो. माणसाच्या पायाला ओल आणि एखादी भेग असली की पुरे.

बाबांच्या दोन्ही टाचा भेगांनी भरलेल्या होत्या. तीन पावसाळ्यांपूर्वी ते हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यातून चालत घरी आले आणि रोजच्यासारखे मोरीत उभे राहून पाय धुतले. पुढच्या आठवड्यात ताप भरला, मग डोळे पिवळे झाले, आणि मग ते इस्पितळातून परत आलेच नाहीत. डॉक्टरांनी लेप्टो सांगितलं. अख्ख्या चाळीने ठरवून टाकलं की रस्त्याच्या पाण्याने नेलं. मीही तेच धरून बसले. रस्त्याला शिव्या घालता येतात, सगळेच घालतात.

पण आमच्या मोरीचं वेगळं होतं. गावी, मालवणच्या बाजूला, गणपतीच्या दिवसांत उंदरबी करतात. शेतातल्या उंदरांसाठी नैवेद्याचा वाटा काढून ठेवायचा, म्हणजे ते पिकाला तोंड लावत नाहीत. आई लग्न होऊन मुंबईला आली तेव्हा शेत गावीच राहिलं, उंदरबी मात्र तिने बरोबर आणली. शेत नाही म्हणून ती वाटा मोरीत ठेवायची, पाण्याच्या पिंपामागे, केळीच्या पानाच्या तुकड्यावर. त्यातून तिचा हात सैल. एका दिवसाचा रिवाज वर्षभर चालू लागला आणि उरलेला भात रोज पिंपामागे जाऊ लागला. "माका नाय वाढलंस तरी चलात," बाबा जेवताना चिडवायचे, "तुज्या भावाचा आधी ठेव." आई हसायची आणि खरंच आधी तिकडे ठेवून यायची.

बाबा गेल्यावर तिने भात ठेवणं बंद केलं. का, ते मी विचारलं नाही. खुडबुड मात्र थांबली नाही. सुट्टीच्या दुपारी मी आडवी झाले की पिंपामागून खरखर ऐकू यायची, आणि दर वेळी वाटायचं, बाबा मोरीत उभे राहून टाचा घासताहेत. मी उठून बघायचे. मोरी कोरडी असायची. मला तो आवाज नकोसा होता, आणि थांबला की माझे कान तिकडेच लागायचे. आई त्या वेळी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची, पण झोपलेली नसायची.

यंदा आमचं काम आमच्याच चाळीत, खोल्यांमध्येही आलं. आमची खोली मी मुद्दाम वगळली होती. आईने माझ्या सहकाऱ्याला जिन्यात गाठलं आणि त्याच्याकडून पिंजरा मागून घेतला. सकाळी बाबांच्या जुन्या पंच्याने झाकलेला पिंजरा तिने माझ्यासमोर ठेवला. आत हालचाल होती.

"ह्येका बघ आणि माका सांग."

"लॅबमध्ये खोल्यांची नावं नसतात गं, नुसते नंबर असतात," मी म्हणाले.

"तुजी आवस अडाणी नाय. नंबर तूच घालतंस मां?"

तिला काय हवं होतं ते मला पुरतं कळलं होतं. नवऱ्याला रस्त्याने नेलं की आपल्या भाताने, हे तिला ऐकायचं होतं. तीन वर्षं एका खोलीत राहून आम्ही दोघी त्या प्रश्नाला वळसा घालून चाललो होतो. मला तिचा राग आला. भीतीही वाटली.

तो उंदीर मी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. चांगला पोसलेला होता, केस चकचकीत. जंतू निघाले. घरगल्लीतल्या बऱ्याच उंदरांत निघाले होते, तेव्हा कोणाच्या भुवया उंचावल्या नव्हत्या. हा निकाल मात्र मी पुन्हा पुन्हा वाचला, जणू वाचून वाचून तो बदलणार होता.

घरी आले तेव्हा आई तांदूळ निवडत बसली होती. "गावले?" तिने सुपातून मान वर न करता विचारलं.

"हो. पण ऐक," म्हणत मी सुरू झाले, एखाद्या सेमिनारमध्ये बोलावं तशी. गल्लीतल्या उंदरांतही तेच आहेत, रस्त्याच्या पाण्यातही असतात, बाबांना लागण कुठून झाली हे आता जगातली कुठलीही लॅब सांगू शकत नाही. यातला शब्दन् शब्द खरा होता. आणि शेवटी, मी दिवसभर मनात घोळवून तयार ठेवलेलं सांगितलं. "हे फार तर वर्षभर जगतात आई. बाबा गेले तेव्हा हा उंदीर जन्मालाही आला नव्हता."

तिचा हात सुपात थांबला. मला वाटलं, पटलं.

"मगे तेची आजी-पणजी असतली," ती म्हणाली. "तिका मीच भात घातलंय."