खालच्या मजल्यावरची अठरा मशिनं

राखी गांगुर्डेबद्दल आमच्या ऑफिसात कुणालाही विचारा, पहिलं वाक्य एकच येईल, "लय तोंडाळ पोरगी आहे." मी म्हणतो, आहे! देवाने तोंड दिलंय कशाला? मी आहेर, मूळचा नांदगावचा. सातपूरच्या या कारखान्यात सत्तावीस वर्षं स्टोअर सांभाळतोय. एवढ्या वर्षांत 'हो साहेब' सोडून दुसरं काही बोललो नाही, तेव्हा तोंडाळ माणसाची किंमत मला विचारा.

राखी कॉन्ट्रॅक्टवर. कॉम्प्युटर बिघडला की तिला हाक. सातपूर कॉलनीत घर, वडील लेथवर होते, आई अंगणवाडीत. आयटीआय करून इथे आली आणि पहिल्याच आठवड्यात कॅन्टीनवाल्याशी भांडली, कारण कायम नोकरीच्या माणसांना चहा काचेच्या ग्लासात आणि कॉन्ट्रॅक्टवाल्यांना कागदी कपात. "आमच्या तोंडाला काय काटे आहेत?" असं सरळ विचारलं तिने. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना ग्लास. मला हसू आलं, पण मी स्टोअरचं दार लावून हसलो.

यंदा दसऱ्याच्या तोंडावर साठ नवे कॉम्प्युटर आले. प्रत्येकात हाताने विंडोज भरायचं तर महिना गेला असता. राखीने एक नमुना मशीन नीट तयार केलं आणि त्याची नक्कल सर्व्हरवर ठेवली. नवं मशीन चालू झालं की वायरीतून विचारतं, माझा पत्ता काय, माल कुठून उचलू? सर्व्हर दोन्ही सांगतो आणि तासाभरात सगळं आपोआप भरलं जातं. वरच्या मजल्यावरची बेचाळीस मशिनं अशी सुखरूप भरली. दसऱ्यानंतर खालच्या मजल्यावरची अठरा लावली, तर ती काळा पडदा दाखवून जागच्या जागी अडली.

दोन दिवस ती अडलेलीच. शुक्रवारी सकाळी अश्विन साहेबांनी, म्हणजे आमच्या ऑफिसच्या मॅनेजरांनी, सगळ्यांसमोर तिला झापलं. "नक्कलच चुकीची बनवलीस तू. खंडेनवमीला सगळे खाली पूजेला, आणि ही वर खोकी उघडत बसलेली. पूजेला न येणाऱ्यांची कामं अशीच होतात."

राखी बौद्ध आहे हे सगळ्यांना माहीत. तिला पूजेला कुणी बोलावलंही नव्हतं, पण ते कुणी बोललं नाही. मीही नाही. लाज वाटते सांगायला, पण खरं ते खरं.

साहेबांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. 'माझ्या चुकीमुळे काम रखडले, हे मला मान्य आहे.' सोमवारी तिचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं. सही केली तर सातपूर-अंबडच्या कारखान्यांत दुसरा कुणी तिला दारात उभं करणार नाही, आणि नाही केली तर इथली मुदत वाढणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

"सर, आधी चूक दाखवा, मग सही घ्या," राखी म्हणाली.

"अठरा मशिनं बंद आहेत, दिसत नाही?"

"तो ताप झाला. ताप कशाने आलाय ते सांगा."

"चार वाजेपर्यंत तूच सांग. नाहीतर सही," म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.

ती तडक माझ्याकडे आली. "काका, ट्रॉली द्या." खालचं एक अडलेलं मशीन तिने वर नेलं, वायर लावली, तर बेटं मुकाट्याने भरायला लागलं! वरचं एक चांगलं मशीन खाली आणून पुन्हा भरायला लावलं, तर तेही अडलं. "काका, मशीन बरं, नक्कलही बरी. दुखणं मजल्यात आहे," ती म्हणाली. मग पडद्यावरचे आकडे वाचत बसली. आमच्याकडचे सगळे पत्ते दहापासून सुरू होतात, आणि हा होता एकशे ब्याण्णवपासून. म्हणजे खालच्या मजल्यावर आपल्या सर्व्हरच्या आधी दुसराच कुणीतरी पत्ते वाटत होता.

टेबलांखाली शिरून, गुडघे काळे करत, वायरीमागून वायर धरत ती मीटिंगच्या हॉलपर्यंत पोचली. तिथे कपाटावर छोटा राउटर लुकलुकत होता. त्यावर हळदकुंकू आणि वाळलेला झेंडू. तिने हात वर केला तसा शिपाई मंगळू ओरडला, "ताई, हात नको लावू, पूजेचं हाय ते!"

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा होते. लेथ, ड्रिल, स्टोअरचा काटासुद्धा. साहेबांना ती पूजा पुण्याच्या हेड ऑफिसला फोनवर लाइव्ह दाखवायची होती. हॉलमध्ये रेंज नाही, म्हणून त्यांनी घरचा राउटर आणून भिंतीतल्या वायरीला जोडला. मी हळदकुंकवाचं ताट घेऊन फिरत होतो. ती राउटरची डबी लुकलुकताना दिसली, लावलं तिलाही बोट. आता पूजेला लागलेली, तीही साहेबांची वस्तू कोण हलवणार? मंगळू रोज तिच्या कडेकडेने धूळ पुसत होता. जुन्या मशिनांचे पत्ते हाताने लिहिलेले, म्हणून त्यांना काही झळ लागली नाही. नवी मशिनं मात्र पत्ता विचारायची आणि ही डबी त्यांना भलताच पत्ता द्यायची.

राखीने वायर उपटली. मंगळूने डोळे गच्च मिटले. आभाळ काही कोसळलं नाही.

"अगं वेडे, थांब!" मी म्हटलं. "आधी तो कागद फाडून घे, मग मशिनं चालू कर."

"मशिनांनी माझं काय घोडं मारलंय?" म्हणाली, आणि साडेतीनला अठराच्या अठरा मशिनं भरून तयार.

चार वाजता तिने रिपोर्ट ठेवला. कारण: हॉलमधला बाहेरचा राउटर. कोणी लावला: अश्विन सर, खंडेनवमीला. साहेबांचा आवाज एकदम लोण्यासारखा झाला. "राखी, झालं गेलं गंगेला मिळालं. ही खालची ओळ काढ, 'तांत्रिक अडचण' लिही. सोमवारी वर्षाची मुदत घेऊन जा."

"माझी चूक वाटली तेव्हा माझं नाव हवं होतं. तुमची निघाली तर तांत्रिक अडचण?"

"मीच लावला याला पुरावा काय?"

त्या दिवशी ती वर होती, पाहिलं मी होतं. मी दारात उभा होतो. काय झालं मला कुणास ठाऊक, पुढे गेलो, तिच्या हातातलं पेन घेतलं आणि खाली लिहिलं, 'राउटर साहेबांनी माझ्यासमोर लावला. कुंकू मी लावलं. आहेर, स्टोअर.'

"आहेर, रिटायर व्हायला तुमचे आठ महिने राहिलेत," साहेब म्हणाले.

"हो साहेब, माहितीय," मी म्हटलं, आणि रिपोर्ट पुण्याला जाणाऱ्या टपालात स्वतःच्या हाताने टाकला.

सोमवारी राखीची मुदत वाढून आली. सहा महिने! बाकी सगळ्यांना वर्ष. तिने कागद तसाच परत ठेवला. "सहाच का? कारण सांगा. तोवर सही नाही, आणि मी घरीही बसणार नाही." आज तिसरा आठवडा आहे. कागद बिनसहीचा, आणि पोरगी रोज साडेआठला गेटात हजर. गेटवाला पास विचारत नाही, कारण त्याचाही कॉम्प्युटर तिच्याशिवाय चालत नाही.

काल साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "आहेर, तुमचं ऐकते ती. जरा समजवा तिला."

मी म्हटलं, "तिला सगळं समजतं साहेब. तुम्ही वर्षाचा कागद काढा."