छप्पन्नचे एकसष्ट

राजनच्या कंपनीतून फोन आला तेव्हा मी ऐरोलीच्या घरी मेथी निवडत बसले होते. "ताई, राजनदादा टेबलावरच कोसळले... हॉस्पिटलात नेलं, पण..." मग म्हणाला, "देवमाणूस होता ओ." माझ्या धाकट्या भावाला जाऊन आता सात आठवडे झाले. भेटायला येणारे माझं सांत्वन करतात आणि मी मान हलवते. दुःख आहेच, पण त्याहून जास्त मला राग येतोय आणि तो काही केल्या उतरत नाही.

रबाळ्याच्या त्या कारखान्यात पंपांचे सुटे भाग होतात. राजन तपासणी विभागात होता. एखादा भाग केसभर जाड भरला तरी तो परत पाठवायचा, कुणाची भीडभाड ठेवायचा नाही. त्याची शोकसभा कँटीनमध्ये झाली. आजचे विभागप्रमुख एके काळी राजनच्याच हाताखाली शिकलेले. ते म्हणाले, "दादांना पदाची हाव नव्हती. तीनदा प्रमोशन चालून आलं, तिन्ही वेळा त्यांनी हात जोडले. इतका निरिच्छ माणूस मी पाहिला नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. राजनची बायको स्मिता माझ्या शेजारी खाली बघत बसली होती. मला उठून ओरडावंसं वाटत होतं, की निरिच्छ कसला, घाबरत होता तो! बावीस वर्षं घाबरत होता! पण मी गप्प बसले, कारण ती भीती त्याला मीच लावून दिली होती.

पदविकेला राजनला छप्पन्न टक्के मिळाले होते आणि जाहिरातीत साठच्या वरचे उमेदवार हवे होते. घरात माझं अक्षर चांगलं, म्हणून अर्ज मी भरायचे. टक्क्यांच्या रकान्यापाशी माझं पेन थांबलं. "छप्पन्न घातले तर थेट टोपलीत जाईल. एकसष्ट घालते," मी म्हटलं. "ताई, कळलं तर?" "कोण बघतंय रे? सगळेच वाढवून लिहितात." मी लिहिलं, त्याने सही केली, नोकरी लागली. गुणपत्रिका मागितली तेव्हा घर बदलताना गहाळ झाली असं त्याने सांगितलं, तेही मीच शिकवलेलं. सोसायटीत पेढे वाटताना मी काय मिरवत होते!

पाच वर्षांनी पहिल्या प्रमोशनचा फॉर्म आला. त्यात लिहिलं होतं, गुणपत्रिकेची प्रत जोडावी. राजन तो फॉर्म घेऊन माझ्याकडे आला, चेहरा पांढराफटक. "फाईल उघडली तर आहे ती नोकरी जाईल, वर फसवणुकीचा शिक्का बसेल." मी म्हटलं, "मग राहू दे, पुढच्या वेळी बघू." पुढच्या दोन वेळा तो माझ्याकडे आलाच नाही. दुसरी नोकरी शोधायचीही सोय नव्हती, कारण तिथल्या अर्जात खरं लिहिलं आणि त्यांनी इथे चौकशी केली तर? स्मिताला तो एवढंच सांगायचा, "नको ती जबाबदारी." ती वैतागून माझ्यासमोर म्हणायची, "अंगात आळस आहे यांच्या, दुसरं काय!" तो हसायचा. मी चहा पीत बसायचे.

एकदाच त्याचा तोल गेला. त्याच्या मुलीचा, मानसीचा, दहावीचा निकाल लागला होता. एकोणऐंशी पूर्णांक चार. पाहुण्यांना तिने "ऐंशी" सांगितलं, वर आम्हाला हळूच म्हणाली, "कुणाला काय कळतंय!" आणि राजन असा ओरडला की शेजारची माणसं दारात आली. "एकोणऐंशी पॉइंट चार सांग! कुणाला काय कळतंय, असं परत म्हणायचं नाही!" पोर दिवसभर रडली. नवऱ्याला झालंय तरी काय, हे स्मिताला कळेना. राजनने माझ्याकडे एकदाच पाहिलं. माझ्या हातात श्रीखंडाची वाटी होती.

मागच्या महिन्यात कागदपत्रांसाठी स्मिता आणि मी कंपनीत गेलो. ऑफिसातल्या मुलीने फाईल उघडली आणि पानं उलटता उलटता ती थांबली. पिवळं पडलेलं एक पत्र होतं, राजनच्या कॉलेजचं. कंपनीने त्यांच्याकडे चौकशी केली होती आणि त्यांनी कळवलं होतं, टक्केवारी छप्पन्न. समासात तेव्हाच्या मॅनेजरांनी लाल शाईने लिहिलेलं, "अर्जात खोटे लिहिले आहे. काम उत्तम. राहू द्यावे." तारीख राजन लागल्यानंतरच्या सहाव्या महिन्यातली.

"हे त्याला का नाही सांगितलं?" माझा आवाज चढला. "ते सर कधीच रिटायर झाले, मॅडम. नंतर कुणी बघितलंच नसेल." "मग प्रमोशन मिळालं असतं त्याला?" तिने खांदे उडवले. "काय माहीत. त्यांचा फॉर्म कधी आलाच नाही." स्मिता माझ्याकडे बघत होती. "ताई, खोटं म्हणजे? कसलं खोटं?"

साठच्या खालचा माणूस बिनकामाचा ठरवणाऱ्या त्या जाहिरातीचा मला राग येतो. लाल शाईत तीन वाक्यं लिहून फाईल मिटणाऱ्या साहेबांचा येतो. एकदाही जाऊन "चुकलं माझं" न म्हणणाऱ्या राजनचा तर इतका येतो की तो समोर असता तर मी कान उपटले असते. आणि माझ्या त्या चांगल्या अक्षराचा...

परतताना रिक्षात मी स्मिताला सगळं सांगितलं. ती इतकंच म्हणाली, "मी त्यांना आळशी म्हणत राहिले आणि तुम्ही ऐकत होतात." त्यानंतर तिने माझा फोन उचलला नाही.

गेल्या रविवारी तिनेच बोलावलं. हॉलमध्ये राजनचा फोटो आहे, हार घातलेला. त्याच्या शेजारी तसल्याच फ्रेममध्ये त्याची गुणपत्रिका लावली होती. तिला ती लोखंडी कपाटात, त्याच्या लग्नातल्या कोटाच्या खिशात सापडली. मी नेहमीसारखी खिडकीजवळ बसायला गेले, तर खुर्ची तिथे नव्हती. स्मिताने ती त्या भिंतीसमोर ठेवली होती.

"तिथे बसा, ताई," ती म्हणाली. "चहा आणते."

मी बसले. चहा यायला बराच वेळ लागला.