कोचीची बोट

आज शेजारच्या जनरेटरमधून डिझेलचा वास आला आणि मला कोचीचा तो धक्का आठवला.

माझा धाकटा भाऊ वसंता तिथे जहाजाच्या कामावर होता. तो फार आजारी आहे असं कळलं, म्हणून आम्ही नवराबायको जबलपूरहून गाड्या बदलत तिथे पोचलो. स्टेशनबाहेर रिक्षावाला म्हणाला, दवाखाना पाण्यापलीकडे आहे, पुलावरून फार वेळ लागेल, बोटीने जा.

बोट धक्क्याला लागलेलीच होती. मी पळू लागले तर हे म्हणाले, "काहून धावून राहिली? हाक मारली की थांबते नाव." आमच्या जबलपूरला, नर्मदेच्या ग्वारीघाटावर नावाडी खरंच थांबतो. यांनी हाक दिली, "भैया, रुकना जी." तिकडे दोर सुटला आणि बोट निघाली.

पुढच्या बोटीने गेलो, तेव्हा वसंताच्या तोंडावर चादर ओढत होते. नर्स म्हणाली, "अभी तक दरवाजा देखता था."

हे भिंतीला टेकून खाली बसले. "मला वाटलं, थांबेल," एवढंच म्हणाले.

तेव्हा मला त्यांचा फार राग आला होता. आता तेही नाहीत. आठवतो तो धक्क्यावर त्यांनी वर केलेला हात, बोट पार लांब गेली तरी खाली न आलेला.