मागच्या बाजूची रेघ

धुळ्यात, देवपूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात माझे यजमान पहिल्या वर्षाला ड्रॉइंग शिकवायचे. मी तिथेच दुसरा विषय शिकवत असे. गेल्या वर्षी हे गेले आणि यांचा वर्ग माझ्याकडे आला. "मॅडम, जमेल ना?" विभागप्रमुखांनी हळू आवाजात विचारलं होतं. मी हो म्हटलं. जमलं नाही, हे आधीच लिहून टाकते.

यांची पद्धत साधी होती. जुन्या धुळ्यातल्या सुतारचाचांकडून यांनी सागाचे ठोकळे करून घेतले होते. एखाद्याला खाच, एखाद्याला पायरी. ठोकळा विद्यार्थ्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, "समोरून, वरून, बाजूनं काढ." कुणाला समजलंय ते दहा मिनिटांत कळे. ठोकळ्यांचं कपाट हे गेल्यापासून मी उघडलंच नाही. किल्ली माझ्याच पर्समध्ये होती. मी फक्त शीट्स तपासल्या.

आणि शीट्स कशा होतात, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. काचेखाली बल्ब लावायचा, काचेवर जुनी शीट, तिच्यावर कोरी शीट, आणि रेघेवर रेघ ओढत जायची. याला जीटी मारणं म्हणतात. गुण स्वच्छ शीटला मिळतात, म्हणून मुलं स्वच्छ शीट देतात. यात त्यांचा दोष मला फारसा वाटत नाही.

ड्रॉइंग हॉलच्या भिंतीवर यांच्या हातची एक नमुना शीट होती. ती उतरवून टेबलावर ठेवली आणि तिच्याशी एकेक शीट ताडून पाहिली. सगळ्यांच्या जुळल्या. एकीची जुळली नाही. पिंपळनेरकडची मुलगी, इथे वसतिगृहात राहणारी. खोडून खोडून कागद मळलेला, आणि मध्ये एक तुटक रेघ, यांच्या शीटवर नसलेली. मी लाल पेनानं 'जास्तीची रेघ' असं लिहिलं आणि दहापैकी तीन दिले. पास व्हायला चार लागतात. टर्मवर्कमध्ये नापास म्हणजे तिला परीक्षेलाच बसता येणार नव्हतं.

ती टेबलापाशी आली. "मॅडम, ही जास्तीची कशी?"

"अगं, तिला आंघोळ घाल आधी, शीटला!" मागून एकजण म्हणाला. वर्ग हसला.

तिनं कंपासपेटीतून साबणाची वडी काढली. "ठोकळे मिळाले नाहीत ना, म्हणून साबण कापून केला." वडीच्या मागच्या बाजूला खाच होती. मी तिच्यात बोट घातलं. समोरून न दिसणारी कड तुटक रेघेनं दाखवायची, हा पहिल्या महिन्यातला धडा. यांची शीट मी उजेडात तिरपी धरली. कागदावर त्या जागी पेन्सिलीचे बारीक चर होते, रेघ नव्हती.

आमचे शिपाई नाना शेजारीच उभे होते. "पोरं तठेच बोट फिरावतस, ताई. बठ्ठी पुसाई गयी."

म्हणजे बोटांनी रेघ पुसली गेली होती, पुसलेली शीट गिरवून अख्खा वर्ग चुकला होता, आणि बरोबर होती तिलाच मी नापास केलं होतं.

मी विभागप्रमुखांकडे गेले. तपासणी समिती येणार होती. कोणत्या विद्यार्थ्यानं काय साध्य केलं याचा तक्ता ते फाइलीला लावत होते.

"सर, मी सगळ्यांची परीक्षा ठोकळ्यांवर पुन्हा घेते."

"आता? अर्धा वर्ग नापास होईल. तक्ता छापून झालाय."

"पण त्यांना येत नाही."

"येतं का, हे समिती विचारत नाही मॅडम, तक्ता कुठंय ते विचारते." मग ते मऊ झाले. "एकच मुलगी ना? तिचे आठ करा. तुम्ही सध्या कशातून जाताय, ते आम्ही समजू शकतो."

माझ्या दुःखाचा बोळा करून त्यांनी माझ्याच तोंडात कोंबला. आणि मी तीनाचे आठ करून सही केली. त्या सहीचा राग अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं जिन्यात गाठलं. "मॅडम, रेघ बरोबर होती म्हणून वाढले, की मी येऊन बोलले म्हणून?"

रजिस्टरमध्ये नुसते आठ होते. त्यात याचं उत्तर नव्हतं. मी पर्समधून किल्ली काढली.

त्या दुपारी वर्गासमोर नानांनी यांची शीट फळ्यावर धरली आणि मी पेन्सिलीनं ती तुटक रेघ पुन्हा काढली. यांच्या शीटवर मी कधी हात चालवला नव्हता. "हिची बरोबर होती," मी म्हटलं. "चुकले मी." मग ठोकळे वाटले. आंघोळीवाला कितीतरी वेळ ठोकळा हातात फिरवत राहिला.

बहुतेकांना जमलं नाही. ते कागद मी विभागप्रमुखांच्या फाइलीत तक्त्याच्या मागेच बांधून दिले.

"मॅडम, हे काय?"

"वर्गाला काय येतं ते. काढायचं असेल तर माझ्यासमोर काढा."

त्यांनी दोरी सोडली आणि माझ्यासमोरच काढले. गठ्ठा माझ्या हातात देताना म्हणाले, "घरी विश्रांती घ्या."

मी विश्रांती घेतली नाही. ठोकळे आता कपाटात नसतात, हॉलच्या खिडकीत असतात.